एकोणऐंशी की एकोणनव्वद : आंब्याच्या एका पट्टीचं प्रकरण

नावं, गाव आणि दोन्ही बँका वगळल्या आहेत. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक बदलले आहेत, पण चुकीची जात तीच ठेवली आहे. प्रकरण मे २०२५ मधलं. यात माझाही एक चुकलेला सल्ला आहे, तो त्याच्या जागी येईल. मी एका बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी. वाडीत कुणाचं पासबुक अडलं की माझ्या ओट्यावर येतं, एवढाच माझा या प्रकरणात अधिकार.

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत आबांची हापूसची दोनेकशे कलमं. माल वाशीला जातो, एकाच व्यापाऱ्याकडे, गेली अनेक वर्षं. व्यापारी माल विकतो, त्यातून भाडं, हमाली, आपलं कमिशन आणि हंगामाआधी दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वजा करतो आणि उरलेल्या रकमेचा कागद पाठवतो. तो कागद म्हणजे पट्टी. आमच्याकडे मे महिन्यात 'पट्टी इली काय?' हा प्रश्न 'जेवलास काय?'च्या चालीवर विचारला जातो.

आधी पट्टीचे पैसे आबांच्या थोरल्या भावाच्या खात्यात जायचे. आदल्या वर्षी भावाभावांच्या वाटण्या झाल्या, कलमं वेगळी झाली, त्यामुळे या हंगामात व्यापाऱ्याला आबांचं स्वतःचं खातं कळवायचं होतं. जुनं खातं पाठ असणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुनीमजींना पहिल्यांदाच नवा आकडा लिहायचा होता. पैसे चुकतात ते बहुतेक अशाच वळणावर, पहिल्या व्यवहाराला.

मुनीमजींनी रीतसर रद्द केलेल्या चेकचा फोटो मागितला होता. आबांचा भाचा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आला होता, त्याने फोटो काढून पाठवलाही. पण आमच्या वाडीत रेंज मिळते ती वडाच्या पारावर, आणि तीसुद्धा वारा अनुकूल असेल तर. फोटोवरचं चक्र फिरत राहिलं. शनिवार १० मे. संध्याकाळी मुनीमजींचा फोन आला, हिशोब आत्ताच टाकून मोकळा होतो म्हणाले. भाच्याने चेक हातात धरून फोनवरच क्रमांक सांगितला. पंधरा अंक, दोन-दोनच्या जोड्या करून, मराठीत.

शेवटच्या दोन जोड्या होत्या ३४ आणि ७९. भाचा म्हणाला, 'चौतीस, एकोणऐंशी.' मुनीमजी मूळचे उत्तरेकडचे, मराठी बाजारापुरतं उत्तम. मागे हमालांचा गलका. कानावर 'ऐंशी' पडलं, आणि चिठ्ठीवर ८९ उतरलं.

यात मुनीमजींना हसण्यासारखं काही नाही. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, पण कानाला आधी ऐंशीच लागतं. मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी मुलांनी या 'एकोण'पायी पाढ्यांत मार खाल्ला आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं संख्यावाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. तेव्हा मीही तावातावाने विरोधात बोललो होतो. खाते क्रमांकापुरतं तरी आता माझं मत बदललं आहे.

क्रमांकाच्या पोटात काय असतं

पुढचं सगळं समजायला इथे थोडं थांबावं लागेल.

आपल्याकडे खाते क्रमांकाला देशभर एकच साचा नाही. स्टेट बँकेचा ११ अंकी, आयसीआयसीआयचा १२, एचडीएफसीचा १४. आबांच्या बँकेचा १५. अशा लांब क्रमांकांत बऱ्याचदा आधी शाखेचा संकेत असतो, मग खात्याचा प्रकार आणि शेवटी अनुक्रम, म्हणजे त्या शाखेत कितवं खातं उघडलं ते. त्यामुळे चूक कुठल्या अंकात झाली यावर पैसे कुठे जाणार ते ठरतं. सुरुवातीचा अंक चुकला तर असा क्रमांक बहुधा सापडतच नाही आणि पैसे परत येतात. शेवटचा चुकला तर ते त्याच शाखेतल्या दुसऱ्या खातेदाराकडे जाऊन बसतात. आबांचे पैसे दहा खाती पुढे गेले. म्हणजे जवळपास त्याच दिवसांत, त्याच काउंटरसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या कुणाकडे तरी.

आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. एक आकडा चुकला की यंत्रणा लगेच ओळखते. डेबिट-क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातही तशी सोय आहे. युरोपात खाते क्रमांकालाच दोन तपासणीचे अंक जोडलेले असतात. आपल्याकडे काही बँका स्वतःपुरता असा अंक ठेवतात, पण सगळ्यांना लागू असा नियम नाही. आबांच्या बाबतीत ७९ चं ८९ झालं आणि यंत्राला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

मग नावाचं काय? फॉर्मवर तर नाव लिहावंच लागतं. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच परिपत्रक काढून स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम जमा करताना बँक फक्त खाते क्रमांकावर विसंबू शकते, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची. तुम्ही नावाच्या चौकटीत आबांचं नाव घाला नाहीतर विजयदुर्ग किल्ल्याचं, रक्कम क्रमांकाच्या मागे जाते.

यावर उतारा आला तो अलीकडे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितलं की १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएस या बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या दोन पद्धतींसाठी खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्या, तीही फुकट. क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे शाखेचा संकेतांक, टाकला की बँकेच्या दप्तरातलं खरं नाव पडद्यावर येतं. आबांचे पैसे गेले १० मे रोजी. म्हणजे सोय सुरू होऊन चाळीस दिवस झाले होते.

काय घडलं

मुनीमजींनी चिठ्ठीवरून क्रमांक टाकला. ॲपने पुन्हा मागितला तो पुन्हा चिठ्ठीवरूनच टाकला. दोन्ही जुळले, कारण दोन्हींचा उगम एकच होता. दोनदा टाईप करण्याने बोटाची चूक सापडते, कानाची नाही. नाव तपासण्याचं बटण पडद्यावर होतं. 'देखा था, दबाया नहीं,' हे त्यांनी नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. त्या रात्री त्यांना आणखी तीसेक बागायतदारांचे हिशोब टाकायचे होते.

रात्री नऊनंतर एनईएफटीने १,८४,६०० रुपये निघाले. थोड्याच वेळात त्यांना रक्कम समोरच्या खात्यात जमा झाल्याचा संदेशही आला. त्यांच्या लेखी विषय संपला.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात आबा मला म्हणाले, 'भाऊनू, पैशे काय इले नाय हो.' मी विचारलं कसे पाठवले. एनईएफटी म्हणाले. मी, एकतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, म्हणालो, 'काल दुसरा शनिवार, आज रविवार, उद्या बुद्धपौर्णिमा. मंगळवारी बँक उघडली की दिसतील.'

हे जुन्या काळातलं उत्तर होतं. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी दिवसरात्र चालू असतं, दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाच्या ४८ फेऱ्या. सुट्टीचा तिच्याशी संबंध उरलेला नाही. मला हे ठाऊक होतं, पण तोंडातून सवयीचं बोलणं गेलं. दुसरी गोष्ट मी लक्षातच घेतली नाही: क्रमांक अस्तित्वात नसेल तर एनईएफटीची रक्कम त्या फेरीपासून दोन तासांत परत फिरायला हवी. बारा तास झाले, इकडे पैसे आले नाहीत आणि तिकडे परतही गेले नाहीत, याचा अर्थ ते तिसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात आहेत. हा निष्कर्ष रविवारी सकाळी देवळातच निघायला हवा होता. तो निघाला सोमवारी संध्याकाळी, भाच्याने मुनीमजींकडून व्यवहाराच्या पावतीचा फोटो मागवला आणि आम्ही चेक शेजारी ठेवून एकेक अंकावर बोट फिरवलं तेव्हा.

या मधल्या छत्तीस तासांत तिकडे तीन गोष्टी घडून गेल्या, त्या आम्हाला फार उशिरा कळल्या. ते खातं खाडीपलीकडच्या एका खलाशाचं. तो बोटीवर होता, १ जूनची पावसाळी मासेमारीबंदी लागण्याआधीच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एकीला. कार्ड घरी बायकोकडे. (दुसऱ्याचं कार्ड वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, पण किनाऱ्यावर निम्मी घरं अशीच चालतात.) रविवारी संध्याकाळी ती पाचशे रुपये काढायला गेली आणि शिल्लक पाहून दचकली. 'माका वाटला, शेटान वर्साचो हिशोब केल्यान,' ती पुढे म्हणाली. हंगामाच्या शेवटी बोटीचा मालक खलाशांचे वाटे भागवतो, त्यामुळे तिला तसं वाटणं अगदी साहजिक होतं. तिने दहा हजार काढले. सोमवारी आणखी दहा. पावसाआधी घर शाकारायचं होतं, पत्रे आले. आणि रविवारी रात्रीच बँकेच्या संगणकाने त्या खात्यातून थकलेल्या कर्जाचे हप्ते, २२,४०० रुपये, आपोआप वळते करून घेतले होते. इतके महिने उपाशी बसलेल्या त्या सूचनेला अचानक खातं भरलेलं सापडलं.

कुणीही चोरी केलेली नव्हती, तरी ४२,४०० रुपये गेले होते.

समोर कोणते पर्याय होते

सोमवारी रात्री ओट्यावर बैठक बसली. आबा, भाचा, आबांची सून आणि मी.

भाच्याचं म्हणणं, लगेच १९३० ला फोन लावायचा. तो क्रमांक सायबर आर्थिक फसवणुकीसाठी आहे आणि तिथे पहिल्या तासांना खरोखर मोल आहे. पण इथे फसवणूक झालेलीच नव्हती. पैसे आपण होऊन, आपल्याच हाताने पाठवले गेले होते. तिथे तक्रार केली असती तर ज्या अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे पडले तो संशयित ठरला असता, त्याचं खातं गोठलं असतं, आणि ज्याच्या संमतीवर सगळं अवलंबून, तोच माणूस आपल्याविरुद्ध उभा राहिला असता. शिवाय खोटी तक्रार ती खोटीच. हा पर्याय मी हट्टाने बाजूला ठेवायला लावला, आणि या प्रकरणातला माझा एवढाच सल्ला मला आजही पटतो.

दुसरा पर्याय सुनेने सुचवला: शाखेत ओळखीने नाव काढा आणि थेट त्याच्या घरी जा. ओळख होती. मंगळवारी मी शाखाधिकाऱ्यांना विचारूनही पाहिलं. त्यांनी नकार दिला आणि तो योग्यच होता, खातेदाराचं नाव तिसऱ्याला सांगता येत नाही. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर मीही नाही म्हटलं असतं. विचारायला मात्र गेलो.

तिसरा पर्याय म्हणजे रीतसर दार. पाठवणाऱ्याने आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करायची, ती बँक समोरच्या बँकेला कळवते, समोरची बँक आपल्या खातेदाराशी बोलते. त्याच्या संमतीशिवाय बँक पैसे उचलून परत देऊ शकत नाही, फार तर तेवढी रक्कम रोखून ठेवते. यात आबांचं स्थान फार विचित्र होतं. पैसे त्यांचे, पण तक्रारदार व्यापारी. बँकेच्या लेखी आबांचा या व्यवहाराशी संबंधच नाही.

चौथा पर्याय कुणी मोठ्याने बोललं नाही, म्हणून मीच बोललो: व्यापाऱ्याने आबांना पट्टी पुन्हा द्यावी आणि चुकलेली रक्कम तो आपली आपण सोडवील. क्रमांक बरोबर टाकण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, आणि आबांच्या हाती पैसे आलेलेच नसल्याने देणं फिटलेलं नाही. कागदावर बाजू मजबूत. पण सांगणारा आबांचाच भाचा होता, लेखी काही नव्हतं, आणि हंगामाआधी उचल देणारा, पाऊस अवेळी पडला तरी माल घेणारा व्यापारी हाच. आबा म्हणाले, 'त्येच्याशी भांडान पुढच्या वर्सा आंबे खय घालूचे?' बागायतदार आणि व्यापारी यांच्यातलं नातं ज्याला ठाऊक आहे तो या प्रश्नाला उत्तर देणार नाही. मीही दिलं नाही.

काय केलं

मंगळवार १३ मे. मुनीमजी वाशीत त्यांच्या शाखेत गेले. अर्जाचा मसुदा मी फोनवर सांगितला: यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळखक्रमांक, तारीख, रक्कम, पडलेला क्रमांक, अपेक्षित क्रमांक, दोन्हींत फरक असलेल्या अंकाखाली रेघ, आणि 'रक्कम रोखून ठेवावी ही विनंती' हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच. पोच घेतलीच पाहिजे असं बजावलं. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तेव्हा ती पोच लागते. इकडे आम्ही आबांच्या शाखेत त्याच मजकुराची प्रत दिली. तक्रारदार नसलो तरी शाखा एकच होती, माहिती म्हणून द्यायला कुणाची हरकत नव्हती. बुधवारी १४ तारखेला रक्कम रोखली गेली. तोवर १,४२,२०० उरले होते.

त्याच मंगळवारी संध्याकाळी दुसरं संकट आलं, ते आम्हीच ओढवलेलं. भाच्याने चिडून बँकेच्या नावाने समाजमाध्यमावर जाहीर तक्रार टाकली, त्यात रक्कम, व्यवहाराची पावती आणि आबांचा मोबाइल क्रमांक. पाऊण तासात आबांना फोन. गोड मराठीत: 'आजोबा, तुमचे अडकलेले एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे सोडवायचे आहेत, एक ॲप पाठवतो, ते घ्या आणि यूपीआयचा पिन टाका.' रक्कम रुपयापर्यंत बरोबर असल्याने आबांचा पूर्ण विश्वास बसला. ते ॲप उतरवून घेत होते, म्हणजे समोरच्याला आपला पडदा दिसू देणार होते. आणि रेंज गेली. वडाच्या पारावरून ते घरी चालत आले होते ना. ज्या रेंजमुळे चेकचा फोटो गेला नाही, तिनेच आबांना वाचवलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मी त्यांना त्या रात्री तीन वेळा सांगितलं. हा फोन मात्र १९३० ला कळवण्यासारखा होता, आणि तो आम्ही कळवला.

याच निमित्ताने भाच्याचा फोन पाहिला तेव्हा कळलं की आंब्याच्या किरकोळ गिऱ्हाइकांना तो पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवतो आहे. पन्नासेक लोकांच्या गटावर. त्या पानावर पत्ता, ग्राहक क्रमांक, मोबाइल, सगळं. आबांना तेव्हा धडकी भरली, 'नंबर दिलो म्हणजे खातां रिकामां होतला?' तसं नाही. नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी घेऊन कुणी पैसे काढू शकत नाही, त्याने फक्त पैसे घालता येतात. दुकानदार, शाळा, पतपेढी, सगळ्यांना तो द्यावाच लागतो. धोका आहे तो क्रमांकाला जोडून गेलेल्या इतर माहितीचा. पत्ता, जन्मतारीख, मोबाइल आणि खाते क्रमांक एकत्र मिळाले की फोनवरचा ठग बँकेचा माणूस वाटू लागतो. गिऱ्हाइकाला नाव, क्रमांक, आयएफएससी एवढा मजकूर पुरतो. चेक द्यायचा तर त्यावर दोन आडव्या रेघा, मध्ये 'रद्द' आणि सही नाही. चेकच्या तळाच्या पट्टीवरचे आकडे हा खाते क्रमांक नव्हे, हेही सांगून ठेवतो. तिथे चेकचा क्रमांक, बँक-शाखा ओळखण्यासाठीचा नऊ अंकी एमआयसीआर वगैरे असतं, आणि ते उतरवून घेणारे मी नोकरीत डझनभर पाहिले. आयएफएससीतला पाचवा वर्ण नेहमी शून्य असतो, इंग्रजी 'ओ' नाही.

मग वाट पाहणं. बँकेने खलाशाच्या बायकोला फोन केला, ती घाबरली, पण खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, तिची सही चालेना. तो बोटीवर. आणि इकडे बागेतले नेपाळी राखणदार २५ तारखेला गावी निघणार होते, त्यांची मजुरी पट्टीवरच अवलंबून होती.

२० मे रोजी व्यापाऱ्याने पन्नास हजार रुपये पाठवले. या वेळी क्रमांक लिहून मागवला. हे पैसे त्यांनी 'पुढच्या हंगामाची उचल' म्हणून दिले, आणि आबांनी तशी चिठ्ठी लिहून दिली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय तो. व्यापाऱ्यावर असलेलं देणं त्या एका शब्दाने आबांवरचं कर्ज झालं. 'पट्टीपोटी अंशतः' एवढे दोन शब्द लिहिले असते तरी चित्र वेगळं झालं असतं. मी त्या दिवशी कणकवलीला होतो. असतो तरी आबांनी ऐकलं असतं, असं छातीठोक सांगता येत नाही. राखणदार पिशव्या भरून अंगणात बसले होते.

निष्पत्ती

खलाशी २४ तारखेला किनाऱ्याला लागला. तो चौथा शनिवार, बँक बंद. सोमवारी २६ ला त्याने शाखेत जाऊन संमतीपत्र दिलं, कुणी न सांगता. २८ ला १,४२,२०० व्यापाऱ्याच्या खात्यात परतले. त्यातून पन्नास हजार कापून ९२,२०० रुपये ३० मे रोजी आबांना मिळाले.

उरलेल्या ४२,४०० चं काय हा प्रश्न लोंबकळत राहिला. कायदा तसा स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत करायला हवेत. आणि चूक कळल्यावरही ते हेतुपूर्वक दाबून ठेवले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो अप्रामाणिक अपहार होऊ शकतो. पण या माणसाने काहीच दाबलं नव्हतं. वीस हजार पत्र्यांत गेले होते आणि बावीस हजार चारशे त्याच्या स्वतःच्या कर्जात. कर्जात गेलेले बँकेने उलटे फिरवावेत अशी विनंती शाखाधिकाऱ्यांनी वर पाठवली, उत्तर नकाराचं आलं. मला तो नकार आजही पटलेला नाही. चुकीच्या पैशातून झालेली वसुली बँकेने सोडायला हरकत नव्हती. पण ते लढायचं तर तक्रारदार व्यापारी, आणि त्याला आता त्यात रस नव्हता.

संमतीपत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवशी खलाशी स्वतः आबांच्या घरी आला. पत्ता बँकेने दिला नव्हता. खाडीच्या दोन काठांवर कुणाचे पैसे चुकले हे लपत नाही. बंदीच्या दोन महिन्यांत कमाई नाही, ऑगस्टनंतर देतो म्हणाला. आबांनी कागद करून घेतला नाही. मी करा म्हटलं होतं. सप्टेंबरात १०,०००, दिवाळीआधी १२,४००, जानेवारीत २०,०००. सगळे आले.

काय वेगळं करता आलं असतं

रविवारी सकाळी मी 'मंगळवारी दिसतील'ऐवजी 'पावती मागवा' म्हणायला हवं होतं. बँकांचे तक्रारीचे फोन सुट्टीतही चालू असतात. रविवारी रक्कम रोखली गेलीच असती अशी खात्री नाही, पण हप्त्यांची वसुली रात्री झाली आणि पहिले दहा हजार संध्याकाळी निघाले. आमच्याकडे सबंध दिवस होता.

क्रमांक फोनवर सांगण्याची वेळ आलीच तर जोड्या करू नयेत. सात, नऊ, असे सुटे अंक, आणि मग ऐकणाऱ्याकडून उलट वदवून घ्यायचे. भाच्याने वदवून घेतलं असतं तर मुनीमजींनी हिंदीत 'नवासी' म्हटलं असतं आणि चूक तिथेच सापडली असती. फोटो जात नव्हता तरी साधा एसएमएस गेला असता, त्याला एवढी रेंज लागत नाही. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण एसएमएस आता फक्त बँकच पाठवते अशी समजूत झाली आहे.

मुनीमजींनी नाव तपासण्याचं बटण दाबलं असतं तर हे लिहायचीच वेळ आली नसती. तरी मी सगळा भार त्या बटणावर टाकणार नाही. नव्या खात्याला मोठी रक्कम जाण्याआधी एक रुपया पाठवावा आणि घेणाऱ्याने फोन करून आला म्हणावं, यात घेणाराही सामील असतो. बटण फक्त पाठवणाऱ्याच्या हातात असतं.

आणि उचलीची चिठ्ठी. त्याबद्दल आबांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, व्यापाऱ्याने त्या दिवशी पैसे दिले हे महत्त्वाचं, कोणत्या नावाने दिले ते तू बघ. मी बघतोच आहे.

या वर्षी एप्रिलमध्ये पहिली पट्टी निघाली त्या रात्री साडेनऊला आबांचा फोन आला. पारावरून बोलत होते, मागे वाऱ्याचा आवाज.

'भाऊनू, एक रुपयो इलो.'

मी म्हटलं, मुनीमजींना कळवा.

'कळवलंय. बाकीचे येयपर्यंत मी हयच बसतंय.'